डोंगराच्या शिवेवर: मानपाडा-येऊर नाल्याच्या प्रकल्प नोंदी

6 ऑक्टोबर 2024, रविवार

वनखात्याच्या परिक्षेत्र कार्यालयाचं पत्र अखेर मिळालं. आम्हा रहिवासी स्वयंसेवकांच्या कामाची हद्द त्यात नीट लिहून दिली आहे. नाल्याचा सोसायट्यांकडचा काठ आणि त्याला लागून जाणारी पायवाट आमच्याकडे. नाला ओलांडला की संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, तिथे वनरक्षक सोबत असल्याशिवाय कुदळसुद्धा न्यायची नाही. मला हे मनापासून पटतं. हौशी माणसांनी जंगलात शिरून जंगल 'सुधारायला' घेतलं की नुकसानच जास्त होतं.

काम कशासाठी, ते पहिल्याच नोंदीत लिहून ठेवते, म्हणजे नव्याने येणाऱ्यांना पुन्हा सांगायला नको. उद्यान साधारण 104 चौरस किलोमीटरचं. मुंबईकर बोरिवलीच्या दारातून आत जातात. आपल्या ठाण्याच्या वाट्याला पूर्वेचा उतार आला आहे. उपवनच्या वरचं येऊर, मग मानपाडा, पातलीपाडा आणि पुढे घोडबंदर रस्त्याला समांतर जाणारा सगळा डोंगर. या उताराच्या पायथ्याशी गेल्या तीसेक वर्षांत टॉवर उभे राहिले. जंगल आणि टॉवर यांच्यामध्ये एक चिंचोळी पट्टी उरली, तिला वाली नाही. कचरा तिथे पडतो, आग तिथून लागते, बाटल्या तिथे फुटतात, भटकी कुत्री तिथेच वाढतात. जंगल आतून कुणी कुरतडत नाही, ते या पट्टीतून कुरतडलं जातं. म्हणून आमचं काम या पट्टीवर: नाला, पायवाट, पाणवठा, वणवा आणि येणारी माणसं. हा पावसाळा संपल्यापासून पुढचा सुरू होईपर्यंत.

आज फक्त चालत गेलो आणि लिहून घेतलं. नाल्यात पाणी आहे, घोट्याच्या वर. रानहळद आणि पेव सुकायला लागलेत. पायवाटेवर जागोजागी मोठ्या वृक्षकोळ्यांची जाळी आडवी आली आहेत. उन्हात धागा अगदी पिवळा, सोन्यासारखा चमकतो. मधोमध तळहाताएवढी मादी, आणि कडेला मुंगीहून थोडा मोठा दिसणारा नर. पुढे चालणारे एक काका काठीने जाळं बाजूला करायला निघाले, त्यांना थांबवलं. वाकून जाता येतं. पायवाटेचा पहिला नियम तिथेच ठरला: वाट आपण काढायची, त्यांनी नाही.

20 ऑक्टोबर, रविवार

नाला साफ करायला सुरुवात केली. वरच्या पुलापासून खालच्या मोरीपर्यंतचा टप्पा घेतला.

काय काय निघालं: थर्माकोलची मखरं, निर्माल्याच्या पिशव्या देवाच्या तसबिरींसकट, बिअरच्या बाटल्या, गुटख्याच्या माळाच्या माळा, एक अख्खी गादी. गादी पाणी पिऊन इतकी जड झाली होती की कोयत्याने तिचे तुकडे करावे लागले. आणि सगळ्यात वाईट म्हणजे राडारोडा. टाइल्सचे तुकडे, प्लास्टर, जुन्या बाथरूमची भांडी. घरांचं नूतनीकरण होतं, कंत्राटदाराचा टेम्पो रात्री येतो आणि काठावर रिकामा होतो. कचरा हाताने उचलता येतो. राडारोड्यामुळे नाल्याचं पात्रच अरुंद होतं, मग पावसात पाणी पायवाट खाऊन सोसायटीच्या आवारात शिरतं. तेव्हा तक्रार करणारे आणि घराच्या टाइल्स बदलणारे बरेचदा एकच असतात. टेम्पोचा नंबर मिळाला की प्रभाग समितीकडे लेखी तक्रार करायची असं ठरलं.

एका आजींनी विचारलं, "नाला जातो कुठे गं पुढे?" खाडीत जातो. डोंगरावरून आलेलं सगळं पाणी शेवटी खाडीला मिळतं. ठाणे खाडीच्या रोहित अभयारण्याला 2022 मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा अशी मान्यता, मिळाला, आपण सगळ्यांनी फ्लेमिंगोंचे फोटो एकमेकांना पाठवले. खाडीच्या चिखलात रुतणारी पिशवी मात्र अशाच एखाद्या काठावरून निघालेली असते. पुढच्या रविवारी नातवाला घेऊन येते, असं आजी म्हणाल्या.

28 ऑक्टोबर, सोमवार

वसुबारस. पाड्यावर आज वाघबारस. सुट्टी काढून वर गेले.

येऊरला पाटोणपाडा, जांभूळपाडा, वनीचा पाडा असे आदिवासी पाडे आहेत. वारली, कोकणा, मल्हार कोळी कुटुंबं इथे टॉवरवाल्यांच्या कितीतरी पिढ्या आधीपासून राहतात. वाघदेवाला नारळ, तांदूळ, काकडी ठेवली. ज्या मावशींकडे आम्ही पाणी प्यायला थांबतो, त्या म्हणाल्या, "त्याला सांगायचं, तू तुझ्या वाटंनं जा, आम्ही आमच्या." लहानपणी त्या पहाटे लाकडाला जायच्या तेव्हा मोठ्याने बोलत, गाणं म्हणत जायच्या, म्हणजे त्याला आधीच कळायचं. आज आम्ही सोसायटीत फलक लावतो त्यात हेच लिहितो: अंधारात एकटं जाऊ नका, मुलांना सोबत घ्या, आवाज करत चाला, उजेड जवळ ठेवा.

बिबट्याबद्दल टॉवरमध्ये जेवढी भीती आहे तेवढी माहिती नाही. 2002 ते 2004 या काळात उद्यानाभोवती हल्ले फार वाढले होते. त्या सुमारास बाहेर पकडलेले बिबटे आणून या जंगलात सोडले जात होते. परक्या मुलखात सोडलेलं जनावर बावचळतं, आणि त्याच्या येण्याने तिथल्या बिबट्यांच्या हद्दी विस्कटतात. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या जुन्नर भागातल्या अभ्यासातून हे पुढे आलं. नंतर 2011 पासून वनखात्याने 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' (एसजीएनपी म्हणजे हे उद्यान) या उपक्रमातून लोकांशी बोलायला सुरुवात केली. बिबट्या सोसायटीच्या भिंतीजवळ दिसला तर तो बहुधा कुत्र्याच्या मागे आलेला असतो, आणि कुत्रा कचऱ्याच्या मागे. म्हणून "पिंजरा लावा" अशी मागणी करण्याआधी कचराकुंडीला झाकण लावा, हे मी प्रत्येक बैठकीत सांगते आणि सांगत राहणार.

17 नोव्हेंबर, रविवार

निवडणुकीची धामधूम आहे, बुधवारी मतदान. निम्मी मंडळी प्रचारात, दोघं शिक्षक निवडणुकीच्या कामावर. हात कमी, पण नाल्याचं पाणी ओसरायला लागलंय आणि बांध घालायचा तर आत्ताच.

वनराई बंधारा घालावा असं बहुतेकांचं मत होतं. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरायची, विटांसारखे सांधे मोडून थर लावायचे. गावोगाव हा उपाय उत्तम चालतो. इथे मी विरोध केला. प्लास्टिकच्या गोण्या उन्हात फेब्रुवारीपर्यंत विरायला लागतात आणि त्यांचे दोरे पाण्यात सुटतात. ज्या नाल्यातून आपण महिनाभर प्लास्टिक काढलं त्यातच पुन्हा कसं घालायचं? वनरक्षक दादांनीही दुजोरा दिला. मग सुके दगड रचून बांध.

दगड रचायला शिकवलं पाड्यावरच्या एका आजोबांनी. दोन मोठे दगड काठात रुतवून घेतले, त्यांना ते 'खुंट' म्हणाले. मग मधले दगड त्यांची लांबी प्रवाहाच्या दिशेने ठेवून लावले. आम्ही सगळे दगड आडवे, दिसायला छान असे लावत होतो. त्यांनी काही न बोलता एक काढला, फिरवला आणि ठोकून बसवला. आडवा दगड पाणी ढकलून देतं, उभ्या लांबीचा दगड धरून ठेवतो. फटीत बारीक दगड, वर पालापाचोळा आणि चिकणमाती. बांध पाणी पूर्ण अडवत नाही, दमवतो. वर डबकं साठतं, खाली झिरपत राहतं, आणि दोन्हीकडच्या मुळांना ओल मिळते. दगड फक्त पात्रात सुटे पडलेलेच घेतले. दगड उचलताना खाली हात घालायचा नाही, आधी पहारीने हलवायचा. एकाखाली इंगळी निघाली, ती पहारीच्या टोकाने बाजूला केली आणि दगड होता तसा ठेवला.

संध्याकाळपर्यंत बांधाच्या वर गुडघाभर पाणी.

15 डिसेंबर, रविवार

सोसायट्यांची एकत्र बैठक. विषय: दिवे.

डोंगराकडे तोंड असलेल्या तीन इमारतींनी गच्चीवर फ्लडलाइट लावलेत, शोभेसाठी. रात्री डोंगराचा अर्धा उतार त्यात दिसतो. निशाचर प्राण्यांना उघड्यावर यायची भीती वाटते, किडे दिव्याला चिकटून मरतात, रात्री स्थलांतर करणारे पक्षी भरकटतात. हे सगळं मांडलं. एका सदस्यांचा प्रश्न सरळ होता: "मॅडम, अंधार केला तर सुरक्षेचं काय?" प्रश्न रास्त आहे. सुरक्षेला उजेड जमिनीवर लागतो, पाऊलवाटेवर, फाटकावर. झाडाच्या शेंड्यावर लागत नाही. दिव्यावर टोपी बसवून झोत खाली वळवता येतो, वीजही कमी लागते. दोन इमारती रात्री 10 नंतर वरचे दिवे बंद करायला तयार झाल्या. तिसरी म्हणाली, वार्षिक सभेत ठेवू.

मग साहजिकच टर्फचा, म्हणजे खेळायच्या कृत्रिम गवताच्या मैदानांचा, विषय निघाला. डोंगरावरच्या टर्फवर मध्यरात्रीपर्यंत लख्ख उजेड, हॉटेलांत लाउडस्पीकर. पाड्यावरची माणसं आणि खालचे रहिवासी दोघेही त्रासलेत. रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकर बंद हा नियम 2000 सालापासून देशभर आहे. शिवाय 5 डिसेंबर 2016 ला उद्यानाभोवतीचं पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र अधिसूचित झालं, कुठे 100 मीटर तर कुठे 4 किलोमीटर रुंद. त्यात बांधकाम, हॉटेलं, झाडतोड यांवर नियंत्रण आहे. कायदा आहे, पण तक्रार करताना गट क्रमांक, तारीख, वेळ आणि फोटो जोडला नाही तर अर्ज फायलीत पडून राहतो. आम्ही एक साधा छापील नमुना केला, भरायला सोपा. पाड्यावरच्या दोन तरुणांनी तो घेतला, कारण रात्री जागं राहावं लागतं ते त्यांनाच.

बोगद्यावरही थोडी चर्चा झाली. ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचं भूमिपूजन जुलैमध्ये झालं. दहा किलोमीटरहून लांब, थेट उद्यानाच्या पोटातून. वरचं जंगल तसंच राहणार असं सांगितलं जातं. माझं लक्ष तोंडाशी आहे. बोगद्याचं तोंड आपल्याच बाजूला येतं. माती आणि दगड वाहणारे डंपर, धूळ, रात्रीचं काम, अडलेले नाले हे सगळं जमिनीच्या वरच होणार. आपल्या नाल्याच्या पाण्याची नोंद आजपासून दर पंधरवड्याला ठेवायची: रंग, खोली, गाळ. उद्या काही बिघडलं तर आधी काय होतं ते दाखवता आलं पाहिजे.

31 डिसेंबर, मंगळवार

वनखाते आणि पोलिसांची नाकाबंदी येऊरच्या फाटकावर. आम्ही खालच्या पायवाटेच्या तोंडाशी रात्री एक वाजेपर्यंत थांबलो. बाटल्या घेऊन वर निघालेले पाच-सहा घोळके बोलून परत पाठवले. कुणाशी भांडण नाही. थंडी छान होती.

12 जानेवारी 2025, रविवार

आज काम नाही, फक्त फिरणं. पहिल्या दिवसापासून ठरवलं होतं की महिन्यातून एकदा हातात फावडं न घेता यायचं. ज्या जंगलात माणूस फक्त कचरा उचलायला जातो, ते त्याला कचऱ्यासाठीच आठवायला लागतं.

शाळेतली मुलं, त्यांचे पालक, सोसायटीतले काही जण. वनरक्षक दादा सोबत. ठाणे महापालिकेची टीएमटी बस येऊरला वर जाते, सगळ्यांना बसनेच आणलं. गाड्या खाली ठेवायच्या, हा आमचा आग्रह आहे. वरचा रस्ता रविवारी गाड्यांनी भरतो आणि पाड्यावरच्या लोकांना रुग्ण खाली आणायलाही वाट मिळत नाही.

सकाळी सातला धुकं होतं. तांबट एकसारखा टुक टुक करत होता, तो कुठे बसलाय ते शोधण्यात मुलांची दहा मिनिटं गेली आणि सापडल्यावर एक मुलगी म्हणाली, "एवढासा?" कांडोळाची झाडं पानं गाळून पांढरी उभी होती. साल कागदासारखी सुटते, तिला हात लावून बघायला प्रत्येकाला आवडतं. डिंकासाठी खाचा मारलेलं एक झाड दिसलं, जखमा जुन्या होत्या, कडेने साल पुन्हा वळून येत होती.

सगळ्यात जास्त वेळ गेला आंब्याच्या एका खालच्या फांदीपाशी. विणकर मुंग्या दोन पानं एकमेकींजवळ ओढत होत्या. एक मुंगी दुसरीच्या कमरेला, दुसरी तिसरीच्या, अशी साखळी करून पलीकडच्या पानाची कड पकडलेली. कड जवळ आली की आतल्या काही मुंग्या तोंडात पांढरी अळी घेऊन येतात आणि तिला या पानावरून त्या पानावर फिरवतात. अळीच्या तोंडातून रेशीम निघतं, त्याने पानं जोडली जातात. मुंगीला स्वतःला रेशीम येत नाही. हे समजल्यावर मुलं एकदम गप्प झाली. मग प्रश्नांचा पाऊस. अळीला त्रास होतो का? ती दमते का? नंतर तिचं काय होतं? अळ्या आपलं रेशीम घरट्याला देतात आणि स्वतःसाठी कोश विणतच नाहीत, एवढं मला माहीत होतं, तेवढं सांगितलं. एका वडिलांनी मोबाइल खिशात ठेवला आणि शेवटपर्यंत बाहेर काढला नाही.

परतताना माकडांना वेफर्स देणारं एक कुटुंब भेटलं. मुलांनीच जाऊन सांगितलं की देऊ नका, मग ती हिसकावून घ्यायला शिकतात. मोठ्यांनी सांगितलं असतं तर वाद झाला असता.

16 फेब्रुवारी, रविवार

जाळरेषेचं काम, म्हणजे वणवा पुढे सरकू नये म्हणून मोकळा केलेला पट्टा. गवत पूर्ण वाळलंय. वनखात्याच्या मजुरांनी वरची रेषा आधीच घेतली होती: पट्ट्यातलं गवत कापून, वारा पडलेला असताना, पाण्याची टाकी जवळ ठेवून ते जाळून काढतात. जाळणं त्यांचंच काम. आम्ही पायवाटेलगतचा पालापाचोळा आणि रानमोडी या तणाचा वाळलेला पसारा मागे खेचला. रानमोडी हिवाळ्यात वाळते आणि पेटली की काडेपेटीच होते. हातमोजे लागतातच.

पळस फुलायला लागलाय. नाल्यात बांधाच्या वर अजून पाणी. डबक्याकाठच्या चिखलात साळिंदराच्या पावलांसारख्या खुणा. दादा म्हणाले, नक्की तोच.

14 मार्च, शुक्रवार

धुळवड. काल रात्री अकराच्या सुमारास खालच्या टोकाला आग दिसली. 1926 वर, वनखात्याच्या हेल्पलाइनला, फोन केला आणि त्याच वेळी गटात संदेश टाकला. वनखात्याचे लोक ब्लोअर, म्हणजे जोराची हवा मारणारी यंत्रं, घेऊन आले. आम्ही जाळरेषेच्या शहराकडच्या बाजूलाच थांबलो. उडून आलेल्या ठिणग्या ओल्या फांद्यांच्या झोडप्याने दाबत होतो. आग चढावर वेगाने धावते, म्हणून कुणीही ज्वाळेच्या वरच्या अंगाला उभं राहायचं नाही, हे दर बैठकीत घोकून घेतलं होतं. काल ते सगळ्यांच्या लक्षात राहिलं.

सकाळी जाऊन पाहिलं. जळालेला तुकडा क्रिकेटच्या मैदानाहून लहान आहे. जाळरेषेपाशी आग थांबली, ती सरळ काळी रेघ स्पष्ट दिसते. रेषेच्या एका बाजूला राख. राखेत शंख गोगलगायींचे पांढरे पडलेले शंख, अर्धवट जळालेली एक सरड्याची शेपटी, आणि बहुधा रातव्याचं अंडं, तडकलेलं. वणव्यात मोठी झाडं टिकतात, म्हणून लांबून बघणाऱ्याला काही झालंसं वाटत नाही. जातं ते जमिनीवरचं: बिया, कोवळी रोपं, किडे, जमिनीवर अंडी घालणारे पक्षी. पुढच्या पावसात या काळ्या जमिनीवर पहिली कोण उगवते? घाणेरी आणि रानमोडी. म्हणजे पुढच्या वणव्याचं सरपण.

आग कशी लागली ते नक्की कळलं नाही. जवळ बसायला घातलेले पुठ्ठे आणि सिगारेटची पाकिटं होती. इथले बहुतेक वणवे माणसाच्या हातूनच लागतात. मला राग आला आहे आणि तो इथे लिहून ठेवायला हरकत नाही. एका कुणाच्या संध्याकाळच्या मजेसाठी एवढं सगळं जळावं, हे पटत नाही.

20 एप्रिल, रविवार

उष्मा. बांधाच्या वरचं डबकं आटून परातीएवढं राहिलंय, पण राहिलंय. खालचा नाला केव्हाच कोरडा. पाण्यावर दुपारी हळद्या, बुलबुल, कोतवाल, एक शिक्रा. टँकरने पाणी आणून टाकू का, असं दोघांनी विचारलं. दादा नको म्हणाले. वनखात्याचे पाणवठे वर आहेत, ते भरले जातात. इथे सोसायटीच्या भिंतीला लागून कायमचं पाणी ठेवलं तर जनावर भिंतीपाशी येणार. बरोबर आहे. नाल्याचं पाणी नाल्याच्या हिशेबाने आटू द्यावं.

करवंदं पिकायला लागली. मावशी विकायला खाली आणतात. द्रोणाला भाव न करता घ्यावी.

12 मे, सोमवार

बुद्ध पौर्णिमा. दरवर्षी या रात्री चांदण्यात मचाणावर बसून पाणवठ्यावर येणाऱ्या प्राण्यांच्या नोंदी घ्यायची वनखात्याची पद्धत आहे. यंदा वळवाने आधीच ठिकठिकाणी पाणी केलंय. पाणी सगळीकडे असलं की प्राणी एका पाणवठ्यावर येत नाहीत, त्यामुळे कमी दिसले म्हणजे कमी झाले असं नव्हे. घोडबंदरवर मेट्रोच्या कामाच्या खड्ड्यांत पाणी साचलंय. पायवाटेवर दोन ठिकाणी माती खचली, दगड लावून घेतले.

27 मे, मंगळवार

काल मुंबईत मोसमी पाऊस दाखल झाल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. एरवी 11 जूनच्या आसपास येणारा पाऊस 26 मेलाच. नोंदी ठेवायला लागल्यापासून इतका लवकर कधी आला नव्हता म्हणतात. आमची घाणेरी काढायची सगळी आखणी जूनची होती, ती पुढे ओढावी लागणार.

सकाळी सहाला तिसऱ्या इमारतीच्या रखवालदाराचा फोन. "ताई, रंगीत पक्षी पडलाय, जिवंत आहे." नवरंग. पार्किंगच्या काचेखाली, पंख किंचित पसरून बसलेला. हिरवी पाठ, डोळ्यावरून काळा पट्टा, पोट बदामी आणि शेपटीखाली लालभडक. हे पक्षी दक्षिणेकडून पावसाच्या तोंडावर इथे घरटं करायला येतात, प्रवास रात्रीचा. दमलेले, पावसात भिजलेले, आणि समोर उजळलेली काच.

रखवालदाराने फार छान केलं होतं: पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडून, आत सुती फडकं घालून, पक्षी अंधारात ठेवला होता. चोचीत पाणी घालायला निघालेल्यांना त्याने हटकलं. असं पाणी श्वासनळीत जाऊन पक्षी गुदमरतो. हे सगळं त्याला जानेवारीच्या फेरीत कळलं होतं, तो मुलीला घेऊन आला होता. बचाव पथक आलं, पंख मोडलेला नव्हता. दिवसभर ठेवून संध्याकाळी पाऊस थांबल्यावर नाल्यापलीकडे वनरक्षकांच्या समोर सोडला. उडाला तो खालून, जमिनीलगत, आणि पाल्यात शिरला.

त्या इमारतीच्या सचिवांना तो खोक्यातला पक्षी मी मुद्दाम दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले. वार्षिक सभेची वाट न बघता गच्चीवरचे दिवे जूनअखेरपर्यंत रात्री बंद ठेवायला ते तयार झाले. त्यानंतरचं लेखी हवंय.

8 जून, रविवार

पर्यावरण दिनाचा आठवडा. एका कंपनीचे लोक रोपं घेऊन आले होते, बॅनर आणि टोप्यांसह. नाल्याच्या वरच्या गवताळ तुकड्यावर लावायची होती. नम्रपणे नाही म्हटलं. तो तुकडा मोकळा दिसतो, पण रिकामा नाही. पावसात तिथे गवत, भुईवरची फुलं आणि फुलपाखरांच्या अळ्यांना लागणारी झुडपं येतात. रोपांत निम्मी गिरिपुष्प आणि गुलमोहर. दोन्ही बाहेरची. झाडं हवीतच, पण ती राडारोडा पडलेल्या काठावर, आणि तिथे उंबर, करंज, अर्जुन, ताम्हण. आणि लावणाऱ्याने तीन उन्हाळे पाणी घालायची जबाबदारी घ्यायची. ही अट ऐकून मंडळी जरा विचारात पडली. मात्र त्यातल्या दोन मुलींनी नंबर दिला आणि घाणेरी काढायला थांबल्या.

घाणेरी वरून कापली की मुळापाशी दुपटीने फुटते. म्हणून कुदळीने बुंध्याभोवतीची माती मोकळी करायची, मूळ जमिनीखाली चार बोटांवर तोडायचं आणि झुडूप उलटं करून, मुळं वर, तिथेच ठेवायचं. प्राध्यापक सी. आर. बाबू यांनी दिल्लीत ही पद्धत रूढ केली. पावसाने माती मऊ झाल्यावर हे सोपं जातं, आणि फळ धरण्याआधी करायचं, नाहीतर बुलबुल बिया पोचवतातच. सगळी एकदम काढायची नाही. सुमारे 200 वर्षांपूर्वी बागेसाठी आणलेली ही झुडपं आता पक्ष्यांच्या लपायच्या जागा झाली आहेत. एक तुकडा मोकळा करायचा, तिथे स्थानिक झुडपं धरली की पुढचा. दादांनी आखून दिलेला पहिला तुकडा म्हणजे मार्चमध्ये जळालेली जागा.

दुपारी मावशींकडे शेवळांची रानभाजी, काकडं (आंबट रानफळं) घालून. काकडांशिवाय घसा खवखवतो. जांभळी नाक्यावर त्यांनी पहाटे जुड्या विकल्या होत्या. त्यांनी सांगितलं की शेवळं आता पूर्वीच्या जागी मिळत नाहीत, वर चढावं लागतं; रस्त्याकडेची जागा कुंपणात गेली. ही नोंद महत्त्वाची आहे. कुठल्या जागा कुंपणात गेल्या ते मावशींबरोबर चालून नकाशावर टिपायचं.

22 जून, रविवार

धबधब्यांवर बंदी आहे आणि तरी पोरं वर जातात. पायवाटेच्या तोंडाशी सकाळी दोन तास उभे राहिलो. "मग जायचं कुठे?" असं एका मुलाने विचारलं, आणि प्रश्न खरा आहे. ठाण्यात मोकळी जागा आहे किती? त्याला मानपाड्याच्या निसर्ग परिचय केंद्राची वाट दाखवली आणि पुढच्या फेरीत नाव लिहून घेतलं. चौघे मित्र येणार आहेत. नुसतं अडवून उपयोग नाही, त्यांना इथे यायला एक चांगली वाट हवी.

बांधाची पाहणी: मधले दगड वाहून गेले, दोन्ही खुंट जागेवर. आजोबा म्हणाले होते तसंच. ऑक्टोबरनंतर पुन्हा रचायचा. जळालेल्या तुकड्यात कुडा आणि धामणाचे कोंब आलेत, घाणेरीचेही आलेत. घाणेरी हाताने उपटली.

राडारोड्याच्या टेम्पोचा नंबर रखवालदाराने टिपला आहे, फोटोसह, रात्री 1 वाजून 40 मिनिटांची वेळ. तक्रार उद्या प्रभाग समितीत आणि प्रत परिक्षेत्र कार्यालयात. तिसऱ्या इमारतीचं दिव्यांबद्दलचं पत्र अजून आलेलं नाही, सचिवांना मंगळवारी भेटायचं. पाण्याच्या नोंदवहीत आज: रंग लालसर, खोली मांडीपर्यंत, गाळ बराच, पुलाच्या खाली जास्त. पुढची नोंद 6 जुलैला, जो लवकर येईल त्याने घ्यावी. वही रखवालदाराच्या चौकीत ठेवली आहे.